असिसीकर संत फ्रान्सिस : आजारपणातले सोबती



दरवर्षी 4 ऑक्टोबरला ख्रिस्तसभा असिसीकर संत फ्रान्सिसचा सण साजरा करते. पाखरांना प्रवचन देणारा, गुब्बियो गावच्या लांडग्याला माणसाळवणारा, ग्रेच्चोच्या डोंगरात 1223 साली नाताळचा गोठा उभा करणारा फ्रान्सिस आपल्या मुलाबाळांनाही ठाऊक आहे. डिसेंबर आला की घरोघरी गोठा करताना त्याची आठवण निघतेच. परंतु ह्या संताच्या आयुष्याची शेवटची दोन वर्षे अंथरुणात गेली, तो जवळजवळ आंधळा झाला होता, त्याला उचलून न्यावे-आणावे लागत होते, ह्याबद्दल आपल्याकडे क्वचितच बोलले जाते. 3 ऑक्टोबर 1226 रोजी संध्याकाळी तो प्रभूघरी गेला. त्या घटनेला 2026 साली आठशे वर्षे होतात. ह्या निमित्ताने फ्रान्सिसच्या आजारपणाची, आणि त्या आजारपणात त्याच्याजवळ राहिलेल्या माणसांची गोष्ट सांगावी असे वाटले.

फ्रान्सिसचा जन्म 1181 किंवा 1182 सालचा. वडील पिएत्रो बेर्नार्दोने कापडाचे मोठे व्यापारी, आई पिका. घरात कशाचीही ददात नव्हती. मुलगा हौशी, गाण्याबजावण्याचा नादी, मित्रांवर सढळ हाताने पैसा उधळणारा. 1202 साली असिसी आणि शेजारच्या पेरुजा शहरात लढाई झाली, तीत फ्रान्सिस पकडला गेला आणि वर्षभर कैदेत पडला. सुटून आल्यावर त्याने दीर्घ आजारपण काढले. तेव्हा तो आपल्या घरी, आपल्या माणसांत होता. थोडे बरे वाटल्यावर तो काठी टेकत बाहेर पडला आणि पूर्वी आवडणारी शेते, द्राक्षमळे पाहू लागला, पण त्याला काहीच गोड वाटेना. त्याच्या पालटाची सुरुवात त्या आजारातून झाली असे त्याचे चरित्रकार मानतात.

पुढची हकिकत आपल्याला माहीत आहे. कुष्ठरोग्यांची सेवा, सान दामियानोच्या पडक्या चर्चची डागडुजी, वडिलांचा संताप. वडिलांनी त्याला घरात बांधून ठेवले, तेव्हा आईने ते बाहेरगावी गेल्याचे पाहून त्याचे बंध सोडले. एका आईचे मन! ह्यानंतर पिकाचा उल्लेख चरित्रात जवळजवळ येतच नाही. 1206 साली बिशप ग्विदो ह्यांच्यासमोर फ्रान्सिसने अंगावरचे कपडेसुद्धा वडिलांच्या स्वाधीन केले आणि ह्यापुढे आपला पिता स्वर्गातला, असे जाहीर केले. त्या दिवशी त्याचे घर सुटले ते कायमचेच.

घर सोडलेल्या माणसाचे आजारपणात कोण करणार? हा प्रश्न त्या वेळी त्याच्या मनात आला नसेल, पण पुढे त्याच्याभोवती बंधू जमू लागले तेव्हा तो नक्कीच आला. श्रीमंत बेर्नार्द सर्व काही विकून आला, मग जाइल्स, रुफिनो, मास्सेओ, आंजेलो, लिओ असे एकेक येत गेले. 1209 साली पोप इनोसंट तिसरे ह्यांनी त्यांच्या जीवनपद्धतीला तोंडी मान्यता दिली. 1212 साली क्लारा आली आणि सान दामियानोला भगिनींचा मठ उभा राहिला. आपल्या मृत्युपत्रात फ्रान्सिसने ह्या बंधूंचा उल्लेख मोठा विचार करून केला आहे. आपण माणसे जमवली असे तो म्हणत नाही, परमेश्वराने आपल्याला बंधू दिले असे म्हणतो.

ह्या नव्या कुटुंबासाठी त्याने जे नियम लिहिले, त्यांत आजाऱ्यांसाठी खास जागा आहे. बंधू कोठेही आजारी पडला तर त्याला एकटे सोडून कोणी पुढे जायचे नाही, कोणीतरी त्याच्याजवळ राहायचे. आई जशी पोटच्या मुलाला जपते त्याहूनही अधिक मायेने एकमेकांना जपायचे. आपण आजारी पडलो तर आपली जशी सेवा व्हावी असे वाटते, तशी दुसऱ्याची करायची. इथपर्यंत आपण अपेक्षा करू तेच आहे. परंतु 1221 च्या नियमावलीत त्याने आजाऱ्यालाही दोन गोष्टी सांगून ठेवल्या आहेत. एक म्हणजे त्याने सर्व गोष्टींसाठी परमेश्वराचे आभार मानावेत. आणि दुसरी, त्याने सेवा करणाऱ्यांवर चिडू नये, औषधासाठी हट्ट धरू नये. ज्याने आजाऱ्यांची सेवा केली आहे त्यालाच असे लिहिता येते. घरात दीर्घ आजारी माणूस असलेल्या कोणालाही ही दुसरी ओळ चांगलीच कळेल.

नियम लिहिणे वेगळे आणि स्वतः अंथरुणाला खिळणे वेगळे. 1219 साली फ्रान्सिस इजिप्तला जाऊन सुलतान मलिक अल-कामिल ह्यांना भेटला. तिथून परतताना तो डोळ्यांचा विकार घेऊन आला. सतत पाणी गळे, उजेड सहन होत नसे. त्यात प्लीहा, यकृत आणि पोट ही जुनी दुखणी होतीच. वारंवार ताप येई. 1220 साली त्याने संघाचा कारभार दुसऱ्याच्या हाती सोपवला. इतकेच नव्हे, तर एका बंधूला आपला पालक नेमायला लावून त्याच्या आज्ञेत राहण्याचे ठरवले.

ह्या पालकाची एक गोष्ट मोठी मजेशीर आहे. हिवाळ्याचे दिवस होते. फ्रान्सिसच्या अंगात एकच ठिगळे लावलेला झगा, आणि पोटाला तर थंडी बाधत होती. पालकाने कोल्ह्याच्या कातड्याचा एक मऊ, उबदार तुकडा मिळवला आणि तो झग्याच्या आतून पोटापाशी शिवून घेण्याची परवानगी मागितली. फ्रान्सिस तयार झाला, पण एका अटीवर : तेवढाच तुकडा बाहेरूनही शिवायचा. आतली ऊब लोकांपासून लपवून ठेवणे त्याला पटेना. पालकाने खूप विनवले, पण इलाज चालला नाही. शेवटी आत एक आणि बाहेर एक असे दोन तुकडे शिवले गेले. आज्ञेत राहणारा रुग्णसुद्धा किती चिवट असतो पाहा.

खरे सांगायचे तर फ्रान्सिस हा सोपा रुग्ण नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी धावलेल्या माणसांना स्वतःची सेवा करून घेणे जड जाते. आपल्या धर्मग्रामातील आजाऱ्यांना रविवारी ख्रिस्तशरीर घेऊन जाणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. पाच पोरांना वाढवलेली आजी पाण्याचा पेला मागायलाही संकोचते, मला कोणाला त्रास द्यायचा नाही, हे वाक्य तर घरोघरी ऐकू येते. फ्रान्सिसचे तेच होते. डोळ्यांवर उपचार करून घ्यायला तो कितीतरी दिवस तयार नव्हता. त्याच्या संघाचे प्रमुख बंधू एलियास आणि मित्र कार्डिनल उगोलिनो (हेच पुढे 1227 साली पोप ग्रेगरी नववे झाले) ह्या दोघांनी त्याची समजूत घातली. एलियासने तर प्रमुख ह्या नात्याने आज्ञाच केली, तेव्हा कुठे तो कबूल झाला.

त्याआधी सप्टेंबर 1224 मध्ये ला वेर्ना डोंगरावर त्याच्या हातांवर, पायांवर आणि कुशीत प्रभू येशूच्या जखमांच्या खुणा उमटल्या. त्या जखमा तो लपवी. परंतु पट्ट्या बदलायला तर कोणी हवे! ते काम बंधू लिओकडे आले. लिओ हा धर्मगुरू, फ्रान्सिसचा पापनिवेदन ऐकणारा आणि त्याची पत्रे लिहून देणारा. त्या डोंगरावर लिओचे मन कसल्याशा मोहाने अस्वस्थ झाले होते. फ्रान्सिसच्या हातचे काही लिहिलेले आपल्याजवळ असावे असे त्याला वाटे, पण मागायचा धीर होत नव्हता. फ्रान्सिसने आपण होऊन चर्मपत्राचा तुकडा मागवला, एका बाजूला देवाची स्तुती आणि दुसऱ्या बाजूला खास लिओसाठी आशीर्वाद लिहून त्याच्या हाती दिला. स्वतःच्या हातांना जखमा असताना त्याने हे लिहिले. लिओने तो तुकडा घडी घालून मरेपर्यंत, म्हणजे चार दशकांहून अधिक काळ, जवळ बाळगला. हे फ्रान्सिसने स्वतःच्या हाताने लिहिले आहे, अशी नोंदही त्याने लाल शाईत त्यावर केली. घड्यांच्या खुणांसह तो आजही असिसीच्या महामंदिरात जपून ठेवलेला आहे.

1225 च्या वसंत ऋतूत फ्रान्सिस सान दामियानोला क्लाराच्या मठाजवळ येऊन राहिला. ज्या चर्चची त्याने तरुणपणी डागडुजी केली होती तेच हे ठिकाण. चटयांची एक झोपडी करून त्याला तिथे ठेवले होते. पन्नासहून अधिक दिवस त्याला दिवसा सूर्याचा आणि रात्री दिव्याचा उजेडही सहन झाला नाही. डोळ्यांच्या वेदनेने झोप नाही, आणि जरा डोळा लागलाच तर उंदरांचा सुळसुळाट. जेवताना आणि प्रार्थना करतानाही ते अंगावर धावत. एका रात्री त्याला स्वतःचीच फार कीव आली आणि हे सोसायला बळ दे म्हणून त्याने देवाचा धावा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्याने आपल्या सोबत्यांना एक नवे गीत शिकवले. तेच त्याचे प्रसिद्ध सृष्टिगीत. सूर्य, चंद्र, वारा, पाणी, अग्नी, धरणीमाता ह्या सर्वांना भाऊबहीण मानून त्यात परमेश्वराची स्तुती केलेली आहे. लॅटिनमध्ये नव्हे तर साध्या लोकांच्या उम्ब्रियन बोलीत ते आहे, आणि इटालियन साहित्याच्या अगदी आरंभीच्या रचनांत त्याची गणना होते. पोप फ्रान्सिस ह्यांनी 2015 साली पर्यावरणावर जे परिपत्रक लिहिले, त्याचे लाउदातो सी हे नाव ह्याच गीतातून घेतलेले आहे. ज्या सूर्याकडे पाहणे त्याला अशक्य झाले होते, त्या सूर्याचे नाव त्याने सर्वांत आधी घेतले.

ह्या गीतात त्याने पुढे एक कडवे वाढवले. त्या वेळी असिसीचे बिशप आणि शहराचा नगराध्यक्ष ह्यांच्यात इतके विकोपाचे भांडण झाले होते की एकाने दुसऱ्याला बहिष्कृत केले आणि दुसऱ्याने त्यांच्याशी कोणताही व्यवहार करायला लोकांना बंदी केली. मध्यस्थी करायला कोणी पुढे येईना, ह्याची फ्रान्सिसला अंथरुणात पडून लाज वाटली. त्याने क्षमा करणाऱ्यांची, आणि आजार व दुःख शांतीने सोसणाऱ्यांची धन्यता सांगणारे शब्द रचले आणि दोघा बंधूंना ते बिशपवाड्याच्या अंगणात त्या दोघांसमोर गायला पाठवले. गीत ऐकता ऐकता नगराध्यक्षाच्या डोळ्यांत पाणी आले, बिशपांनीही आपली चूक मानली आणि दोघांनी एकमेकांना मिठी मारली. फ्रान्सिस स्वतः तिथे जाऊ शकत नव्हता, त्याचे काम त्याच्या सोबत्यांच्या गळ्याने केले.

त्यानंतर त्याला रिएतीला नेण्यात आले. पोप होनोरियस तिसरे ह्यांचा दरबार तेव्हा तिथे होता आणि डोळ्यांचे नामांकित वैद्यही तिथे होते. रिएतीत असताना एकदा त्याला वाद्य ऐकावेसे वाटले. एक सोबती संघात येण्यापूर्वी तंतुवाद्य वाजवत असे. कोणाकडून तरी ते गुपचूप उसने आण आणि माझ्या भाऊ शरीराला जरा आराम वाटेल असे काही वाजव, असे फ्रान्सिसने त्याला सुचवले. पण लोक काय म्हणतील ह्या भीतीने तो बंधू कचरला. फ्रान्सिसने आग्रह धरला नाही. त्याच रात्री त्याला खिडकीबाहेर फार गोड वादन ऐकू आले, आणि सकाळी त्याने आनंदाने ते त्या बंधूला सांगितले. माणसाकडून जे झाले नाही ते देवाने केले, असे त्याने मानले. त्या बंधूवर तो रागावला नाही, हे मला ह्या गोष्टीत विशेष वाटते.

वैद्यांनी शेवटी डागण्या देण्याचा निर्णय घेतला. रिएतीजवळच्या फोंते कोलोम्बो इथल्या आश्रमात हा उपचार झाला. भट्टीत लोखंड लाल होईपर्यंत तापवले आणि कानापासून भुवईपर्यंत मांस भाजून काढले. लोखंड आले तेव्हा फ्रान्सिसने अग्नीला आपला भाऊ म्हणून विनवले की मी तुझ्यावर नेहमी प्रेम केले आहे, तेव्हा आता माझ्याशी जरा सौम्यपणे वाग. मग त्याने अग्नीवर क्रुसाची खूण केली. जवळचे बंधू मात्र ते दृश्य पाहवेना म्हणून पळून गेले. परत आले तेव्हा फ्रान्सिसने त्यांना भित्रे म्हणून थोडे रागे भरले, आणि आपल्याला काही दुखले नाही असे सांगितले. दुःखाची गोष्ट म्हणजे ह्या डागण्यांचा काही उपयोग झाला नाही. दुसऱ्या एका वैद्याने कानांना भोके पाडली, तेही व्यर्थ.

उपयोग झाला नाही म्हणून वैद्याला दोष देणे सोपे असते. फ्रान्सिसने त्या वैद्याला जेवायला बोलावले. वैद्य रोज येत असे. एके दिवशी तो निघाला तेव्हा त्याला चांगले जेवण वाढा, असे फ्रान्सिसने बंधूंना सांगितले. बंधू खजील झाले. घरात जे आहे ते पाहुण्यापुढे ठेवायला लाज वाटते, असे ते म्हणाले. वैद्य सधन होता, पण तो म्हणाला की तुमच्या गरिबीत जेवायला मला आनंद होईल. पानावर थोडी भाकरी, थोडा द्राक्षारस आणि जरासा पाला आला. इतक्यात दार वाजले. सात मैलांवरच्या एका गढीतील बाईने भरलेली टोपली पाठवली होती. तीत ताजी भाकरी, मासे, खेकड्यांचे पदार्थ, मध आणि द्राक्षे होती. आपल्याकडच्या पाहुणचाराला शोभेल असेच ते ताट झाले! ती बाई कोण होती हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

आपले शरीर म्हणजे गाढव भाऊ, असे फ्रान्सिस विनोदाने म्हणे. ओझे वाहायचे आणि चाबूक खायचा, इतकेच त्या गाढवाच्या नशिबी होते. उपासतापासांनी त्याने शरीराचे फार हाल केले होते. आजारपणात एका बंधूने त्याला धीटपणे विचारले की तुझ्या शरीराने तुझी आज्ञा कधी मोडली का? कधीच नाही, असे त्याने कबूल केले. मग इतक्या इमानी मित्राशी असे वागणे योग्य आहे का, असे त्या बंधूने विचारताच फ्रान्सिस निरुत्तर झाला, आणि तिथल्या तिथे त्याने आपल्या शरीराला तुझे म्हणणे ऐकायला मी तयार आहे असे सांगितले. शेवटच्या दिवसांत तर आपण ह्या भावाचा फार अपराध केला असे त्याने मोकळेपणाने मान्य केले.

त्याच्या सेवेत असलेल्या बंधूंची तर काय अवस्था असेल! रात्र रात्र जागरण, उचलणे-बसवणे, मार्गावरची भिक्षा, त्यात रुग्णाचे औषधपाणी. त्यामुळे त्यांच्या प्रार्थनेत खंड पडे आणि ते मनात कष्टी होत. फ्रान्सिसला हे ठाऊक होते. माझ्यामुळे तुमचा जो वेळ जातो तो वाया जात नाही, असे तो त्यांना सांगे. तुम्ही माझ्यावर जो खर्च करता तो प्रभूच्या नावे मांडून ठेवा, माझे देणे तोच फेडील. कापडाच्या दुकानात वाढलेल्या मुलाचा हा हिशेब आहे. संत फ्रान्सिसचे पहिले चरित्रकार थॉमस चेलानो ह्यांनी सेवा करणाऱ्या चार बंधूंचा गौरवाने उल्लेख केला आहे, पण त्यांना संकोच वाटू नये म्हणून नावे मात्र दिलेली नाहीत.

1226 च्या वसंतात सिएना इथे एका रात्री त्याला रक्ताच्या उलट्या झाल्या. आता हा जगत नाही असे वाटून बंधू रडू लागले. एलियास धावत आला. पोट आणि पाय सुजू लागले होते. असिसीकरांना भीती वाटली की आपला संत वाटेत दुसऱ्या गावी मरण पावेल. म्हणून त्यांनी त्याला आणायला शस्त्रधारी स्वार पाठवले. वाटेत सात्रियानो गावात स्वारांना विकत काहीच खायला मिळेना. फ्रान्सिसने त्यांना सांगितले की नाण्यांवर विसंबू नका (नाण्यांना तो थट्टेने माश्या म्हणे), दारोदारी जाऊन देवाच्या नावाने मागा. तलवारी बांधलेले ते वीर लाजत लाजत भिक्षेला गेले आणि पोटभर अन्न घेऊन आले.

असिसीत त्याला बिशपवाड्यात ठेवले. तिथे आरेझोचा एक वैद्य, त्याचा जुना मित्र, भेटायला आला. आपल्याला किती दिवस उरले आहेत असे फ्रान्सिसने त्याला विचारले. आपण सगळे करतो तेच वैद्याने केले. देवाच्या कृपेने सर्व ठीक होईल, असे तो म्हणाला. फ्रान्सिसने पुन्हा विचारले, मी भ्याड नाही, खरे काय ते सांग. तेव्हा मित्राने सांगितले की सप्टेंबरअखेर, फार तर ऑक्टोबरच्या पहिल्या दिवसांत. फ्रान्सिसने हात पसरून मृत्यूला आपली बहीण म्हणत स्वागत केले आणि आपल्या गीतात तिच्यासाठीही कडवे वाढवले. मग लिओ आणि आंजेलो ह्यांना बोलावून ते गीत गायला लावले. दोघे रडत रडत गायले. दिवसा-रात्री गाणे चालू राहिले तेव्हा एलियासला काळजी वाटली की रस्त्यावरचे लोक काय म्हणतील, मरणाच्या दारातला माणूस गातो कसा! फ्रान्सिसने त्याची काळजी ऐकून घेतली, पण गाणे काही थांबवले नाही.

शेवटी त्याने पोर्तिउन्कुला इथल्या मरियामातेच्या छोट्या चर्चपाशी नेण्याची विनंती केली. बंधूंनी त्याला डोलीतून डोंगराखाली नेले. कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयापाशी त्याने डोली खाली ठेवायला लावली, तोंड असिसीकडे करायला सांगितले आणि जे शहर त्याला आता दिसत नव्हते त्याला आशीर्वाद दिला.

त्याच आठवड्यात क्लाराही आजारी होती. फ्रान्सिसच्या आधी आपण मरू आणि त्याला पुन्हा पाहता येणार नाही, ह्या विचाराने ती रडत होती. हे कळल्यावर फ्रान्सिसने तिला आशीर्वाद लिहून पाठवला आणि निरोप दिला की दुःख करू नको, तू आणि तुझ्या भगिनी मला नक्की पाहाल.

आता जाकोबाबाईंविषयी सांगायला हवे. ह्या रोममधल्या सेत्तेसोली घराण्याच्या विधवा सरदारीण. फ्रान्सिस रोमला गेला की त्यांच्या घरी त्याची विचारपूस होई. तिथे तो आजारी पडे तेव्हा त्या त्याला बदाम आणि मध घालून केलेली एक मिठाई देत. आपल्याकडे ईस्टरला मार्झिपान करतात, तसाच काहीसा प्रकार. त्यांच्या कर्तबगारीमुळे फ्रान्सिस त्यांना बंधू जाकोबा म्हणे. मरणशय्येवर त्याने त्यांना पत्र लिहायला सांगितले : कफनासाठी राखी रंगाचे कापड, मेणबत्त्या आणि ती बदामाची मिठाई घेऊन या. आयुष्यभर उपास करणाऱ्या संताची ही शेवटची इच्छा! पत्र घेऊन जायला माणूस निघणार इतक्यात बाहेर घोड्यांच्या टापा ऐकू आल्या. जाकोबाबाई आपल्या मुलांसह स्वतःच आल्या होत्या. प्रार्थनेत असताना आपल्याला इकडे येण्याची आज्ञा झाली, असे त्या म्हणाल्या. त्यांनी कापड, मेण आणि मिठाईचे साहित्यही बरोबर आणले होते. बंधूंपुढे प्रश्न पडला, कारण त्या आवारात स्त्रियांना प्रवेश नव्हता. बंधू जाकोबांना हा नियम लागू नाही, असा निकाल फ्रान्सिसने दिला.

मिठाई तयार झाली. फ्रान्सिसला जेमतेम एक घास घेता आला. मग ही बेर्नार्दला फार आवडेल, असे त्याला आठवले. बेर्नार्द म्हणजे सर्वप्रथम आलेला तो श्रीमंत बंधू. त्याला बोलावणे गेले. तो येऊन अंथरुणाजवळ बसला आणि त्याने ती खाल्ली. फ्रान्सिसने चाचपडत त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि हा माझा पहिला बंधू, ह्याच्यावर सर्वांनी प्रेम करावे, असे इतरांना सांगितले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, शनिवारी संध्याकाळी, उघड्या जमिनीवर ठेवलेल्या फ्रान्सिसने प्राण सोडला. वय 44 किंवा 45. छपरावर चंडोल पक्ष्यांचा थवा घिरट्या घालत होता असे सोबत्यांनी लिहून ठेवले आहे. दुसऱ्या दिवशी असिसीला नेताना त्याचे शव मुद्दाम सान दामियानोवरून नेले. ज्या जाळीतून भगिनींना ख्रिस्तशरीर दिले जाई ती लोखंडी जाळी काढण्यात आली, आणि क्लाराने व तिच्या भगिनींनी त्याचे शेवटचे दर्शन घेतले. क्लारा त्यानंतर सत्तावीस वर्षे जगली.

16 जुलै 1228 रोजी पोप ग्रेगरी नववे, म्हणजे ज्यांनी त्याला वैद्यांकडे जायला भाग पाडले तेच मित्र, ह्यांनी त्याला संतपद दिले. 1246 साली लिओ, रुफिनो आणि आंजेलो ह्या तिघांनी आपल्या आठवणी लिहून काढल्या. कोल्ह्याचे कातडे, उंदीर, वैद्याचे जेवण अशा बारीकसारीक गोष्टी आपल्यापर्यंत पोहोचल्या त्या ह्या सोबत्यांच्या आठवणींतून.

आज असिसीच्या महामंदिरात तळघरात उतरले की मध्यभागी फ्रान्सिसची दगडी पेटी दिसते. तिच्याभोवती चार कोपऱ्यांत लिओ, रुफिनो, मास्सेओ आणि आंजेलो ह्यांचे अवशेष ठेवले आहेत. आणि समोर, पायऱ्यांच्या बाजूला, कबरीकडे तोंड केलेल्या जागी जाकोबाबाईंचे.